ओला ताणा

मी, मार्तंड विश्वंभर राऊत, वय वर्षे एकसष्ट, धंदा बागाईत, पूर्वी शाळामास्तर, राहणार मौजे चौल, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा लालुचीने नव्हे तर स्वतःच्या इच्छेने, दिवसाउजेडी, माझ्या पडवीत बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असते आणि बहुधा कोणी वाचत नाही. माझ्या बाबतीत ते दोनदा वाचावे. पुढचा मजकूर पाहून माझा पुतण्या दत्तात्रेय कोर्टात म्हणेल की म्हाताऱ्याचे डोके फिरले होते. तसे म्हणण्याची त्याला मोकळीक आहे. रेवदंड्याचे डॉ. एलिया रोहेकर यांनी मला तपासून दिलेला दाखला सोबत जोडला आहे.

हे मृत्युपत्र मी दोन कारणांसाठी करतो. माझी वाडी, तिथे कामाला असलेल्या राहीच्या मुलीला मिळावी, हे एक. आणि राही तीन वर्षांपूर्वी वारली असूनही माझ्या हातमागावर अजून काम करते आहे, तिची त्यातून सुटका व्हावी, हे दुसरे.

कलम १. यापूर्वी १९३० साली, मिठाच्या सत्याग्रहात पकडला जाण्याच्या आदल्या आठवड्यात, मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सर्व काही देशाला दिले होते. ते रद्द समजावे. त्या वेळी मी फार जोरात होतो, आणि जोरात असलेल्या माणसाने कागदावर सही करू नये.

कलम २. माझे राहते घर, पडवी, मागील अंगण व विहिरीतला हिस्सा पुतण्या चि. दत्तात्रेय, सध्या अलिबागेस वकिलाकडे कारकून, यास द्यावा. त्याचा माझ्यावर राग आहे. १९२१ साली विलायती कपड्यांच्या होळीत मी त्याची दिवाळीची मखमली टोपी टाकली. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि मोठ्याने रडत होता. मी त्या रडण्याकडे बोट दाखवून म्हणालो की गुलामगिरीची सवय सुटताना असेच रडू येते, आणि टाळ्या घेतल्या. टोपीबद्दल घर ही भरपाई पुरेशी आहे असे मी धरतो. त्याला तसे वाटत नसेल, तर बहुधा त्याचेच बरोबर असेल.

कलम ३. माझी तीन कपाटे पुस्तके, मराठी, संस्कृत व इंग्रजी, गावातल्या शिकणाऱ्या मुलामुलींना वाटावीत. एका वाचनालयाचे चिटणीस ती मागायला येतील. त्यांचे नाव लिहीत नाही, ते हयात आहेत. त्यांनी तीस साली पोलिसांच्या भीतीने वर्तमानपत्रे कपाटात कोंडून चावी सासुरवाडीला पाठवली होती. त्यांना चहा द्यावा, पुस्तक देऊ नये.

१९२७ साली पालीच्या सभेत ज्या इसमाने माझ्यावर शेणाचा गोळा फेकला, तो आपणहून पुढे आल्यास त्यास माझी छत्री द्यावी. नेम उत्तम होता, आणि मी त्या क्षणी खोटे बोलत होतो. काय खोटे, ते कलम ५ मध्ये येईल.

कलम ४. माझ्या भाषणांच्या एकोणीस वह्या शेजारच्या ठमाबाईंना बंब पेटवण्यासाठी द्याव्यात. माझी पत्नी अनुसूया अठरा सालच्या तापात गेली, मूल नाही. तेव्हा या वह्यांवर आणखी कोणाचा हक्क पोचत नाही.

कलम ५. आता सुताची हकीकत.

कोकणात कापूस पिकत नाही. खादीचे व्रत घेतलेल्या आम्हा कुलाबकरांना सूत खानदेशातून आणावे लागे, आणि ते येईपर्यंत लोकांना भाषणे पुरवावी लागत. इकडे आमच्या वाड्यांत केळ एकदा घड देऊन संपली की तिचा खांब तोडून खतात टाकायचा. आपण आपलीच वस्त्रे कुजवतो आहोत, असे मी चौलपासून म्हसळ्यापर्यंत सांगत फिरलो. केळीच्या खांबाच्या सोपटांतून वाख, म्हणजे लांब तंतू, निघतो, वाखाचे सूत होते, त्या सुताला ना गिरणी लागते ना परका बाजार, आणि हे मी शोधून काढले, असेही सांगत फिरलो.

शोध माझा नव्हता. राहीचा होता.

राही ही माझ्या वाडीत शिंपणे करणाऱ्या भागोजीची बायको. भागोजी गेल्यावर ती स्वतः कामावर येऊ लागली. फुलांच्या वेण्या बांधायला आमच्याकडे सगळेच केळीचा वाख काढतात, पण तो जाडा आणि काळपट असतो. राहीच्या लक्षात आले की लोखंडाचे पाते लागले की वाख काळा पडतो. तिने नारळाच्या करवंटीची कड दगडावर घासून तिला धार आणली. बाहेरची सोपटे टाकून आतली पांढरी घेतली, फळीवर ठेवून गर खरवडला, वाख धुतला, सावलीत वाळवला आणि नखाने चिरत चिरत केसाइतका बारीक केला. मला तिने तो दाखवला तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. मी म्हणालो, ठेव तिथे.

केळीचा तंतू हात-दीड हात लांब असतो. तो चरख्यावर पिळण्यापेक्षा एकाच्या टोकाला दुसऱ्याचे टोक गाठवत गेले तर सूत बारीक निघते. हजारो गाठी माराव्या लागतात. राही डावरी होती, त्यामुळे तिची गाठ उलट्या बाजूने बसे. उरलेले टोक ती कात्रीने न कापता दाताने तोडी. तिचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता, म्हणून तोडलेल्या टोकाला मधोमध एक बारीक चीर राहायची. हे मी इतके बारकाईने लिहितो, कारण पुढचे सगळे या गाठीवर उभे आहे.

चौलात पूर्वी साळ्यांची आळी होती. त्यातला अंबाजी साळी तेवढा उरला आहे. तो कापसाचा ताणा लावून त्यात केळीचा बाणा विणू लागला. उभा धागा कापसाचा, आडवा केळीचा. कापड सुरेख निघे, हाताला गार लागे. आठ वर्षे हे असे चालले आणि माझे नाव झाले.

कलम ६. १९३३ च्या वैशाखात रेवदंड्यास माझी सभा होती. मी कापड उंच धरून दाखवले, तेव्हा मागून एक जण म्हणाला की मास्तर, आडवा धागा तुमचा, पण उभा अजून खानदेशचाच. लोक हसले. मला हसलेले खपत नाही. मी तिथल्या तिथे शब्द दिला की येत्या दिवाळीत मुंबईच्या स्वदेशी प्रदर्शनात नऊ हात कापड मांडीन, ज्यात ताणाही केळीचा आणि बाणाही केळीचा असेल. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी राहीला हे सांगितले, तेव्हा ती हातातला वाख खाली न ठेवता म्हणाली, "मास्तर, केलीचा ताणा सुकला का तटातटा तुटतो. त्याला रातदिस पानी लागंल. कापसाचा घ्या न् गप ऱ्हावा."

मी म्हणालो की सभेला शब्द दिला आहे.

"सभेला काय," ती म्हणाली, "सभा घरी गेली."

अंबाजी हसला. मी दोघांनाही कामाला लावले.

ताणा ओला राहावा म्हणून माग तळ्याकडच्या खालच्या खोलीत हलवला. तिथे पावसाळ्यात जमिनीतून पाणी झिरपते आणि विणणाऱ्याने पाय सोडून बसायच्या मागाच्या खड्ड्यात पोटरीपर्यंत साठते. अंबाजी विणायचा. राही खड्ड्याच्या कडेला पाण्यात पाय सोडून बसायची, ताण्यावर पाणी शिंपडायची आणि तुटलेले धागे गाठवायची. वाख कमी पडला म्हणून तळ्याच्या कोपऱ्यातल्या केळीच्या बेटातले खांबही आम्ही तोडले. ते बेट राखणदाराचे, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचे, मानतात, त्याला कोणी कोयता लावत नाही. मी लावला, आणि त्यावरही एक भाषण केले.

आषाढात राहीला ताप भरला. डॉक्टरांनी छाती तपासून सांगितले की महिनाभर कोरड्या जागी निजून राहिले पाहिजे. कापड पाच हात झाले होते. मी तिच्या खोपटात गेलो, तिच्या उशाशी बसलो आणि बोललो. त्यात त्याग होता, इतिहास होता, पुढच्या पिढ्या होत्या, कोकणची अब्रू होती. माझ्या आयुष्यातले ते सर्वोत्तम भाषण. श्रोता एकच होता, आणि तो उठून कामाला गेला.

दुसऱ्या सकाळी मला अलिबागेस सभा होती. निघताना खालच्या खोलीच्या दारातून मी तिला म्हणालो, "मी येईपर्यंत ताणा ओला ठेव."

ती म्हणाली, "ठेवते."

वाटेवरच्या ओढ्यांना पाणी आल्यामुळे मला दोन दिवस अलिबागेस अडकून पडावे लागले. पावसामुळे अंबाजीही आला नाही. मी परतलो तेव्हा राही खड्ड्याच्या कडेला मागाच्या खांबाला टेकून बसली होती. ओठांत धाग्याचे टोक होते. डॉक्टर म्हणाले, जाऊन एक दिवस तरी झाला असावा. ताणा मात्र नुकता शिंपडल्यासारखा ओला होता. त्या वेळी मी मनाशी म्हणालो, पावसाळी हवा आहे.

गावात बोलणे झाले की राखणदाराचे बेट तोडले, त्याने बाई नेली. तीस वर्षे मी असल्या समजुतींविरुद्ध गर्जत आलो होतो. त्या दिवशी पारावर माणसे माझ्या तोंडाकडे पाहत होती, की आता मास्तर उसळतील. मी गप्प बसलो. कारण राखणदाराने नेली नसेल तर कोणी नेली, हा पुढचा प्रश्न होता. आज लिहून ठेवतो: राखणदाराचा यात काडीचा दोष नाही.

कलम ७. प्रदर्शन झाले, मी गेलो नाही. खोलीला कुलूप होते. पौषात, माग मोडून टाकावा म्हणून, मी दार उघडले. सहा महिन्यांत ताणा वाळून, तुटून लोंबत असेल असे धरून चाललो होतो. बाहेर हवा इतकी कोरडी होती की ओठ फुटत होते. ताणा अखंड होता आणि ओला होता. खोलीत केळीचा ताजा खांब चिरल्यावर येतो तसा वास होता.

अंबाजीने उंबऱ्यातूनच सांगितले, "मास्तर, मी ह्या खड्ड्यात पाय सोडणार नाही. माग तुम्हाला ठेवला." मग मीच बसलो. पन्नाशी उलटल्यावर विणायला शिकलो, दिवसाला दोन बोटे विणी, त्यातले बहुतेक उसवी, महिन्याअखेर दोन-तीन बोटे टिकत. दिलेला शब्द पुरा करीन, नऊ हात झाले की हेच माझे कफन, असे ठरवले. माझ्या गाठी ओबडधोबड होत्या आणि उजव्या हाताच्या होत्या. काही दिवसांनी लक्षात आले की मी जे धागे तुटलेले सोडून जेवायला उठतो, ते परत येतो तेव्हा जोडलेले असतात. गाठ उलटी. टोकाला चीर.

मी शास्त्र मानणारा माणूस आहे. आधी अंबाजीचा संशय घेतला, मग स्वतःचा. एके दिवशी सकाळी नऊ वाजता मी सात धागे मुद्दाम तोडले, त्यांना कुंकू लावून खूण केली, जमिनीवर तांदळाचे पीठ पसरले, दाराला कुलूप घालून फटीवर माझ्या सहीचा कागद खळीने चिकटवला आणि किल्ली डॉक्टरांकडे रेवदंड्याला पाठवली. ते बारा वाजता स्वतः आले. कागद शाबूत होता. पिठावर मुंगीचेही पाऊल नव्हते. सातही धागे जोडलेले होते, आणि त्या सात गाठी बाकी ताण्यापेक्षा ओल्या होत्या, आताच तोंडातून काढल्यासारख्या. डॉक्टरांनी भिंग लावून पाहिले. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला पडवीत बसवून तीन धागे स्वतः तोडले, आणि तेच झाले. ते हात धुताना म्हणाले, "मास्तर, मला नाडी कळते. हे माझ्या पेटीतले काम नाही."

इथपर्यंत लिहायला मला लाज वाटत नाही. यापुढे वाटते.

मी घाबरलो नाही. मी सोकावलो. आधी स्वतः गाठी मारणे सोडले. मग एक दिवस टोपलीत सुटा वाख ठेवून पाहिला. दुपारी सुताचा गुंडा तयार होता. तेव्हापासून मी सकाळी टोपली भरून ठेवी आणि दुपारी गुंडा उचली. तिला बसायला सांगावे लागत नव्हते, तिला भूक नव्हती, तिला ताप भरत नव्हता. गिरणीमालकांना मी रक्तपिपासू म्हणत असे. त्यांच्यातल्या एकालाही मेलेल्या माणसाकडून काम काढून घेणे जमले नव्हते. दोन वर्षे मी ते केले, आणि त्याला वचनपूर्ती म्हणत होतो.

यंदाच्या ज्येष्ठापासून गाठी सैल पडू लागल्या. ओढले की सुटतात. टोकावरची चीर पूर्वी स्वच्छ असे, आता टोक चघळून चघळून तोडल्यासारखे दिसते. गुंड्याच्या एका बाजूला चिकाचे तपकिरी डाग उमटतात, बोटांच्या पेरांएवढे. हात थकला आहे.

कलम ८. राहीला एकच मुलगी, रंगू. म्हसळ्याकडे येसाजी नावाच्या शेतकऱ्याला दिली आहे. यंदाच्या आश्विनात मी येसाजीला पत्र लिहून तिला बोलावून घेतले आणि खालच्या खोलीत नेले. कापडाच्या उलट्या बाजूने, जिथे गाठी असतात तिथे, ती बोट फिरवत गेली. पाच हातांपाशी तिचे बोट थांबले. मला वाटले तिथून पुढचे तिला परके लागेल. बोट पुढे निघाले, थेट शेवटपर्यंत.

"आयेचाच हात हाय," ती म्हणाली. मग विचारले की मी तिच्या आईशी शेवटचे काय बोललो होतो.

मी सांगितले.

मग रंगूने सांगितले ते असे. वाडीतल्या बाकीच्या बाया दिवस कलला की आपापल्या डोणीतल्या पाण्याने हात धुऊन घरी जात. तिची आई कधी गेली नाही. मालकाने किंवा मालकिणीने 'हात धू' असे तोंडाने म्हणेपर्यंत ती उभी राहायची. एकदा अनुसूयाबाई विसरल्या आणि निजल्या, तर दिवेलागण उलटून गेली तरी ही सुपारीच्या ढिगाजवळ तशीच. रंगू तेव्हा लहान होती, भुकेने आईचा पदर ओढत होती.

"तिला कोनी हात धू म्हनलंच न्हाय, मास्तर," रंगू म्हणाली.

कलम ९. सबब, माझी तळ्याकाठची वाडी, नारळ, सुपारी, केळी, खालची खोली व तळ्याच्या पाण्याच्या हक्कासह, रंगू हिला संपूर्ण मालकीने, कोणत्याही अटीविना द्यावी. तिथे तिने केळी लावाव्यात की उपटाव्यात, हा तिचा प्रश्न. ही भेट नाही. आठ वर्षे मी जो शोध माझा म्हणून मिरवला, त्याच्या धनिणीच्या वारसाला मी तिची वस्तू परत करतो आहे.

मागावर सध्या साडेआठ हात कापड आहे. अर्धा हात उरला आहे. तो पुरा झाल्यावर ते कापड माझ्या देहावर कफन म्हणून घालावे, म्हणजे सभेला दिलेला शब्द खोटा पडणार नाही. माझ्या मृत्यूनंतर डॉ. रोहेकर यांनी खालच्या खोलीच्या दारात उभे राहून मोठ्याने 'राही, हात धू' असे म्हणावे. त्यानंतर माग मोडून अंबाजीस परत द्यावा.

सह्यांपूर्वीची दुरुस्ती.

वरील मजकूर आज दुपारी तीन वाजता मी पडवीत साक्षीदारांना वाचून दाखवला. डॉक्टर खुर्चीवर, अंबाजी झोपाळ्यावर होता. रंगू वारस असल्याने साक्षीदार नाही. ती पायरीवर बसून ऐकत होती. वाचून झाल्यावर डॉक्टरांनी टाक हातात घेतला. तेव्हा रंगू म्हणाली, "म्हंजे तुमी मरंस्तवर तिनं गाठी मारायच्या, व्हय मास्तर?"

मी उत्तर देऊ लागलो. शब्द म्हणजे काय, शब्दासाठी माणसे कशी झिजली, अर्धा हातच कसा उरला आहे, हे मी सांगू लागलो. वाक्ये आपोआप येत होती, एकाहून एक सुंदर. रंगू मान किंचित कलती करून ऐकत होती. तिची आई त्या दिवशी अंथरुणात अशीच ऐकत होती. माझे वाक्य मध्येच तुटले. ते मी पुरे केले नाही. आजवर असे कधी झाले नव्हते.

आम्ही चौघे खाली गेलो. चार वाजले होते, खिडकीतून ऊन येत होते. ताणा ओलाच होता. रंगूने पितळेच्या तपेलीत तळ्याचे स्वच्छ पाणी भरून खड्ड्याच्या कडेला ठेवले. मी उंबऱ्यात उभा राहिलो. दहा हजारांच्या सभेत माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात असे. इथे तो पहिल्या खेपेस मागापर्यंतही पोचला नाही. दुसऱ्या खेपेस पोचला.

मी म्हणालो, "राही, मी आलो. हात धू."

आधी काहीच झाले नाही. मग अंबाजीने माझा दंड धरला आणि पलीकडच्या टोकाकडे बोट दाखवले. तिथून ताण्याचा रंग बदलत येत होता. ओला, गडद ताणा फिकट पांढरा होत आमच्या दिशेने सरकत होता, भरती ओसरल्यावर किनाऱ्याची पुळण वाळत जाते तसा. एक धागा तुटला. मग दुसरा. मग तट तट आवाज येऊ लागला. अंबाजीचा हात जातीच्या सवयीने पुढे गेला, तुटलेले टोक पकडायला. रंगूने त्याचे मनगट धरले.

"ऱ्हाव द्या, काका," ती म्हणाली. "तुटू दे."

सगळा ताणा तुटायला अर्धा तास लागला असेल. आम्ही कोणी हललो नाही. शेवटचा धागा तुटला आणि साडेआठ हात कापड खाली पाण्यात पडले. मग डॉक्टरांनी तपेली उचलली. आत पाणी तपकिरी झाले होते, केळीचा चीक लागलेले हात धुतल्यावर होते तसे. त्यांनी ते हुंगले, तपेली रंगूच्या हातात दिली आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले. रंगूने ते पाणी एका जागी ओतले नाही. ओंजळीने थोडे थोडे करत वाडीभर शिंपडले.

हे मी सर्वांदेखत लिहीत आहे. कलम ९ मधील कापडाविषयीचा व माझ्या मृत्यूची वाट पाहण्याविषयीचा मजकूर खोडला आहे, खोडलेल्या प्रत्येक ओळीवर माझी सही आहे. त्याऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे.

कापड रंगूचे. मी ते तिच्यापुढे धरले तेव्हा ती आधी नको म्हणाली. नंतर म्हणाली की आयेला जाळली ती जुन्या लुगड्यात, हे तिच्या नावाने रेवदंड्याच्या खाडीत सोडते. तिला योग्य वाटेल तसे तिने करावे. नऊ हात झाले नाहीत. सभेला दिलेला माझा शब्द खोटा पडला आहे, आणि तसे कोणी विचारल्यास स्पष्ट सांगावे.

माग आम्ही लगेच मोडला आहे. त्याची लाकडे अंबाजीस हवी असल्यास त्याने न्यावीत. तो आता म्हणाला की नकोत.

माझ्या देहावर गिरणीचे कापड घालावे. बाजारात त्या दिवशी मिळेल ते, विलायती असले तरी चालेल. ज्यांनी माझी भाषणे ऐकली आहेत ते हरकत घेतील. त्यांना हे कलम दाखवावे. कोणी रात्रंदिवस बसून हाताने काढलेले सूत माझ्या अंगावर नको. स्मशानात कोणी बोलू नये.

हे मृत्युपत्र मी वाचले, मला वाचून दाखवले, आणि ते माझे आहे.

मौजे चौल, गुरुवार, ता. २६ नोव्हेंबर १९३६, कार्तिक मास, शके १८५८.

(सही) मार्तंड विश्वंभर राऊत

साक्षीदार १. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. सही करताना त्याची नाडी व बुद्धी दोन्ही ठीक होती. दुरुस्तीत लिहिलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे व कोर्टाने विचारल्यास तसेच सांगेन.
(सही) डॉ. एलिया शलोम रोहेकर, रेवदंडा

साक्षीदार २. वरीलप्रमाणे. विणकाम हा माझा पिढीजात धंदा आहे. तुटलेल्या त्या ताण्यात शेवटी एकही नवी गाठ पडली नाही, हे मी पाहिले.
(सही) अंबाजी बाळाजी साळी, चौल